बेलटर्बेटच्या धक्क्यावर तू उतरला नाहीस

दिगू, तुझ्या अंत्यविधीला त्रेपन्न माणसं होती. सवयीने मोजली. तिघांनी भाषणं केली, आणि त्यातल्या दोघांनी माझं नाव घेतलं. तुझ्या हाताखाली शिकलेली ती मेडनहेडची तरुण डॉक्टर, निळ्या कोटातली, तिने तर सगळी गोष्टच सांगितली. "सर म्हणायचे, आपल्यासाठी क्रॉयडनच्या रांगेत दोनदा उभा राहील असा एक मित्र असला की बास." लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तुमच्या शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मी मान खाली घातली. सगळ्यांना ते दुःख वाटलं.

ती गोष्ट खरी नाही. तू ती अकरा वर्षं सांगत होतास आणि मी अकरा वर्षं ऐकत होतो.

तुझ्या केतकीने मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर तीनशे शब्द मागितले. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, आवडी. ते मी अर्ध्या तासात लिहून दिले. त्यात एकही चूक नाही. हे जे लिहितो आहे ते त्या तीनशे शब्दांत बसलं नसतं, आणि ते मुख्यतः तुला सांगायचं आहे. आमच्या बातम्यांच्या धंद्यात चूक छापली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. मला अकरा वर्षं लागली.

क्रमाने सांगतो.

त्या ऑगस्टमध्ये तू उत्तर आयर्लंडमध्ये होतास, लॉख अर्नच्या काठच्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर. लॉख म्हणजे तळं, हे तूच मला शिकवलंस. तुझी राहण्याची मुदत जूनमध्ये संपली होती. मुदत संपण्याआधीच तू कायमच्या परवानगीचा अर्ज केला होतास, आणि अर्जासोबत तुझा पासपोर्ट क्रॉयडनच्या इमिग्रेशन कचेरीत होता. निकाल लागेपर्यंत इथे राहायला आणि काम करायला हरकत नव्हती. फक्त बाहेर जाता येत नव्हतं. पासपोर्ट परत मागितला तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि एकदा गेलात की परत येऊ देतील याची खात्री नाही, असं तुला वकिलाने सांगितलं होतं. तेव्हाच सांगलीत तुझ्या आईची, आक्कांची, मूत्रपिंडं निकामी होत होती. तुझे दादा दर तीन दिवसांनी फोन करत. "तुझंच नाव घेते रे," एवढं म्हणत आणि थांबत.

पासपोर्ट परत मागणारं पत्र तू टाइप करून ठेवलं होतंस. सही केली नव्हतीस. दहा दिवस ते तुझ्या शर्टाच्या खिशात होतं. शर्ट बदलला की पत्रही नव्या खिशात जाई, हे मला मालूवहिनींनी फोनवर सांगितलं. "भावजी, या दोन दिवस. हे फोनसमोर खुर्ची टाकून बसतात. वाजला तर उचलत नाहीत, मला उचलायला लावतात. मी रविवारी बोट ठरवलीय. निदान पाण्यावर फोन नसतो."

शनिवारी मी लंडनहून बेलफास्टला विमानाने आणि पुढे बसने आलो. तिथे तेव्हा बॉम्ब आणि लष्कराचे दिवस होते; बस तीनदा थांबवली गेली. एका चौकीवर एका सैनिकाने माझ्या पिशवीतला चिवड्याचा डबा उघडून वास घेतला आणि परत दिला. तू बसस्टॉपवर उभा होतास. वजन बरंच उतरलं होतं. मला म्हणालास, "आलास? चल. वहिनीने तुझ्यासाठी बोट घेतलीय म्हणे." मला कळलं नाही की थट्टा कोणाची चालली आहे.

रविवारी ऊन होतं. बोट पांढरी, सहा माणसं मावतील अशी, आत छोटं टेबल, मागे बसायला लाकडी फळ्या. बोटवाला म्हातारा होता. त्याने चौघांना लाइफ जॅकेटं घातली, तुझ्या हातात नकाशा दिला आणि एकच नियम सांगितला. पाण्यात जागोजागी खांब आहेत, प्रत्येक खांबावर गोल फळी, अर्धी लाल, अर्धी पांढरी. "पांढऱ्या बाजूने जायचं, डॉक्टर. लाल बाजूला खडक आहेत. पांढऱ्या बाजूने गेलात तर पोराबाळांसकट संध्याकाळी घरी."

"आणि चुकलो तर?" तू विचारलंस.

"चुकलात तर बोट माझी आहे," तो म्हणाला.

तू हसलास. त्या दिवसातलं पहिलं हसू. केतकी सात वर्षांची होती. तिचं इंग्रजी त्या गावाचं, चढउतारांचं, आणि मराठी तिच्या स्वतःच्या नियमांचं. ती नकाशा घेऊन तुझ्या शेजारी उभी राहिली. "बाबा, मी कॅप्टन. तू ड्रायव्हर. काका पॅसेंजर. आई, आई काय?"

"आई स्वयंपाकीण," वहिनी म्हणाल्या, आणि दशम्यांचा डबा फळीखाली सरकवला.

तू उत्तम बोट चालवलीस, दिगू. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्या दिवसाबद्दल आपण नंतर बोललो ते फक्त भांडण्यासाठी. तू चाक दोन्ही हातांनी धरलं होतंस आणि नजर पुढच्या खांबावर. खांब दिसला की केतकी ओरडे, "पांढरी डावा!" किंवा "पांढरी उजवा!" आणि तू तिकडून बोट काढायचास. त्या तळ्यात बेटंच बेटं. बेटांवर गाई. गाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून आपल्याकडे बघत होत्या. तासाभराने तुझे खांदे खाली आले. वहिनींनी ते पाहिलं आणि मला डोळ्यांनी दाखवलं. दशम्या, लसणीची चटणी, फ्लास्कमधला चहा. तू तीन दशम्या खाल्ल्यास. वहिनींनी त्या तीन मोजल्या असणार, कारण मी मोजल्या.

हळूहळू तळं अरुंद होत गेलं आणि त्याची नदी झाली. खांब संपत नव्हते. एक गेला की दुसरा दिसे, आणि तू त्याच्या पांढऱ्या बाजूने जायचास. काठावर लव्हाळी, मग झाडं, मग एक दगडी पूल, एक लाकडी धक्का, त्यावर गळ टाकून बसलेला एक माणूस.

"आइसक्रीम!" केतकी म्हणाली. बोटवाल्याने तिला सांगून ठेवलं होतं की वरच्या अंगाला बेलटर्बेट नावाचं गाव आहे आणि तिथे आइसक्रीम चांगलं मिळतं. मग तिने काठाकडे हात केला. "काका, ते पोस्टबॉक्स बघ. ग्रीन आहे. पोस्टबॉक्स रेड असतो ना? हा का ग्रीन?"

तू इंजिन बंद केलंस. बोट आपोआप धक्क्याकडे सरकत होती. तू केतकीच्या हातातून नकाशा घेतलास. नकाशावर पाण्यातून एक बारीक तुटक रेघ गेलेली होती. आपल्या सगळ्यांना ती दिसली होती आणि कुणालाच ती दिसली नव्हती. आपण ती ओलांडून बरंच पुढे आलो होतो. हे आयर्लंडचं प्रजासत्ताक होतं, दुसरा देश, आणि भारतीय पासपोर्टवर तिथे यायला व्हिसा लागत होता. तुझ्याकडे व्हिसा नव्हता. तुझ्याकडे पासपोर्टच नव्हता.

लाल बाजूने एकदाही न जाता, एकेक नियम पाळत, तू सरहद्द ओलांडलीस. हे फक्त तूच करू शकत होतास.

गळवाल्या माणसाने हात पुढे केला. "दोर टाका." तू दोर टाकलास. त्याने तो खुंटाला बांधला. वहिनी आणि केतकी उतरल्या. केतकी जन्माने ब्रिटिश, तिचा प्रश्न नव्हता. वहिनींचा पासपोर्ट तुझ्याच पासपोर्टबरोबर क्रॉयडनला होता, पण त्या एक क्षण तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी पोरीला एकटी नाही पाठवणार," आणि चालू लागल्या.

"बाबा, चल ना."

"तू जा. बाबा बोट सांभाळतो."

"बोट बांधलाय ना!"

"तरी."

आपण दोघं बोटीत. आपलं बोलणं मला शब्दशः आठवतं. माझा तो धंदा आहे, आणि नंतर ते अनेकदा उगाळलंही आहे.

"उतर रे. पाय मोकळे कर."

"नको."

"अरे, इथे कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही, मान्य. पण उद्या क्रॉयडनने विचारलं की अर्ज चालू असताना देशाबाहेर गेला होतात का, तर काय लिहू?"

"तू आत्ता बाहेरच आहेस. बोट बाहेर आहे."

"बोट बाहेर आहे. माझा पाय नाही."

"हे कोणत्या कायद्यात आहे?"

"माझ्या."

गळवाल्याला मराठी कळत नव्हतं, पण प्रकार कळला असावा. तो म्हणाला, "या की वर. जमीन चावत नाही."

"ठीक आहे मी इथे," तू इंग्रजीत म्हणालास.

"पाय दुखतात?"

"नाही. माझ्याकडे कागद नाहीत."

"कसले कागद? मी जन्मापासून इथे आहे, माझ्याकडे कुठे आहेत?" असं म्हणून तो पाण्याकडे वळला.

तू पाऊण तास त्या बोटीत बसून राहिलास. धक्का आणि बोट यांच्यात वीतभर पाणी होतं. मी धक्क्यावर उतरून उभा राहिलो, तुला चिडवायला म्हणून. मी जन्माने भारतीय, पण तेव्हा माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. तू माझ्या बुटांकडे बघत होतास. मी परत आत आलो. हे चिडवणं नव्हतं, दिगू. चिडवायला गेलो आणि जमलं नाही.

मग तू खिशातून पत्र काढलंस. आतल्या टेबलावर ठेवून चार घड्या उलगडल्यास. "पेन दे." माझ्या पेनाने सही केलीस. तारीख घातलीस, दुसऱ्या दिवसाची. "उद्या तू हे स्वतः नेऊन दे. पोस्टाने नको. तिथे रांग असते, उभा राहा. पासपोर्ट मिळाला की मी दुसऱ्या दिवशी निघतो. पुढचं पुढे."

"परत येऊ दिलं नाही तर?"

"तर मिरजेत दवाखाना टाकीन. लोक टाकतात."

मी पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. ती वस्तू तुझ्या खिशातून माझ्या खिशात आली. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आपल्यावर विश्वासाचं काम आलं आहे. मी ते चोख करीन याबद्दल मला शंका नव्हती.

परतताना आपण रेघ पुन्हा ओलांडली आणि थोड्याच वेळात करड्या रंगाची एक गस्ती बोट समोर आली. तिच्यात चार सैनिक. त्यांनी हात वर केला, तू इंजिन बंद केलंस. एक जण, पोरगेलासा, आपल्या बोटीकडे वाकून म्हणाला, "कुठून येताय?"

तुझ्या आधी केतकी बोलली. तिच्या गावच्या इंग्रजीत, मोठ्याने. "आम्ही साउथमध्ये गेलो होतो. मी आइसक्रीम खाल्लं. बाबा नाही उतरले. ते आमचे ड्रायव्हर आहेत."

सैनिकाने तुझ्याकडे पाहिलं. मग केतकीकडे. "कोणतं आइसक्रीम?"

"स्ट्रॉबेरी. पण पडलं थोडं."

"वाईट झालं," तो म्हणाला. "डॉक्टर ना तुम्ही? हॉस्पिटलात पाहिलंय. पांढऱ्या बाजूने जा, पाणी उतरलंय." आणि ते गेले.

एवढंच. कोणी कागद मागितला नाही. पण इंजिन पुन्हा सुरू करताना तुझा हात किल्लीवर लागेना. तीनदा घसरला. केतकीने तुझा हात धरून किल्ली फिरवली.

ते पाहून वहिनी मागच्या फळीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. डबे एकात एक घालत, तुझ्या पाठीकडे बघत बोलल्या. इंजिनच्या आवाजात तुला काही ऐकू आलं नाही.

"पत्र दिलंय ना तुमच्याकडे?"

"हो."

"भावजी, ते देऊ नका."

मी कोटाचा खिसा चाचपला.

"कधीच देऊ नका असं नाही म्हणत. दोन दिवस थांबा. बुधवारी द्या. कदाचित तोवर निकालच येईल. हे गेले तर यांना परत घेणार नाहीत, आणि मी आणि केतकी, या चौक्यांच्या गावात, दोघीच. बघितलात ना आत्ता हात? हा माणूस तिथे मिरजेत पहिल्यापासून सुरुवात करणार? आणि आक्का..." इथे त्या थांबल्या. "आक्कांना आता माणसं ओळखू येत नाहीत. दादांनी मला सांगितलंय. यांना सांगितलेलं नाही."

"हे तुम्ही त्याला सांगा, वहिनी."

"सांगितलं तर हे पोहत जातील."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी डब्यांचं झाकण लावलं.

रात्रीच्या विमानाने मी लंडनला परतलो आणि सोमवारी सकाळी ट्रेनने क्रॉयडनला गेलो. स्टेशनवरून चालत त्या इमारतीपर्यंत गेलो. रांग कोपऱ्यावर वळली होती. मी रांगेत उभा राहिलो. समोर एक बांगलादेशी कुटुंब होतं, मागे एक नायजेरियन विद्यार्थी. चाळीस मिनिटं उभा होतो. मग बाहेर पडलो आणि परत आलो. रांगेमुळे नाही. रांग पुढे सरकत होती, हेच कारण. मंगळवारी माझी सकाळची पाळी होती. ती बदलून मिळाली असती, मी मागितली नाही. बुधवारी सात वाजता तुझा फोन आला.

"आक्का गेली."

मी काहीतरी बोललो. मग तू, अगदी रजिस्ट्रारच्या आवाजात, "पत्र दिलंस ना सोमवारी? आता त्याचा उपयोग नाही. परत काढून घेता येईल का बघ. नाहीतर अर्जही जाईल."

मी म्हटलं, "बघतो."

तो एक शब्द. पत्र माझ्या समोर टेबलावर होतं.

नोव्हेंबरमध्ये तुझ्या पासपोर्टवर शिक्का आला. कायमचा. फोनवर तू रडलास, आणि म्हणालास, "कसं काढलंस रे ते फायलीतून?" मी म्हटलं, "निघालं." पुढचं सगळं तू स्वतः रचलंस. सोमवारी उभा राहून दिलं, बुधवारी पुन्हा उभा राहून परत आणलं, खिडकीवरच्या बाईला समजावलं, तिचीही आई नुकतीच गेली होती. ही बाई कुठून आली मला माहीत नाही. मी तिला कधी भेटलो नाही. दर वर्षी तिच्यात काही भर पडे. एके वर्षी ती वेल्श झाली.

मी बातम्या तपासून पोट भरतो. दोन स्रोत असल्याशिवाय ओळ जाऊ देत नाही. आणि तुमच्या दिवाणखान्यात बसून दर दिवाळीला ती बाई ऐकत होतो आणि चिवडा खात होतो. ती गोष्ट सुरू झाली की वहिनी चहाचं बघायला आत जायच्या. तुला कधी ते खटकलं का?

नंतर तुम्ही मेडनहेडला आलात, तू जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, झालास. माझ्या बायपासनंतर सहा आठवडे मी तुमच्याकडे होतो. तू सकाळी दवाखान्यात जाण्याआधी माझं ब्लडप्रेशर बघायचास, जखम बघायचास, आणि मी आभार मानायला लागलो की, "गप. क्रॉयडनचं आहे ते." माझा घटस्फोट झाला तेव्हा तू दर शनिवारी यायचास, काही न बोलता क्रिकेट लावून बसायचास. तेही क्रॉयडनचं. तुझ्या चांगुलपणाच्या प्रत्येक गोष्टीला तू तेच कारण द्यायचास, आणि मी त्यात पुरा अडकलो होतो. खरं सांगितलं असतं तर तुझी फक्त एक गोष्ट नाही, सगळेच शनिवार खोटे झाले असते. असं मला वाटायचं. आता वाटतं की तू कारणाशिवायही आला असतास. पण हे तपासून बघायचं माझं धाडस झालं नाही.

त्याऐवजी आपण सरहद्दीवर भांडलो. तू ओलांडली की नाही. नागरिकत्वाच्या अर्जात परदेशवाऱ्यांचा रकाना होता. त्यात तू त्या दिवसाची नोंद केली नाहीस. मी म्हणायचो, ओलांडलीस. तू म्हणायचास, पाय कुठे लागला? हे भांडण केतकीला पाठ होतं. "बाबा, काका, प्लीज, आज बॉर्डर नको."

मे महिन्यात तू हॉस्पिटलात होतास. वहिनी घरी कपडे आणायला गेल्या होत्या. दुपारचे तीन वाजले असतील. तू डोळे मिटून होतास, मला वाटलं झोपलास.

"तुला एक सांगायचंय. मालूला सांगायचं नाही."

"बोल."

"कबूल कर आधी."

"कबूल."

"मला जायचं नव्हतं रे. आक्काकडे. दादा फोनवर जे सांगायचे त्यावरून मला सगळं दिसत होतं. कशी पडली असेल, अंगाला सूज किती, श्वास कसा. डॉक्टर होतो ना. मला ते बघायचं नव्हतं. पासपोर्ट क्रॉयडनला आहे, हे केवढं सोयीचं होतं. कोणी विचारलं की तेच सांगायचं. धक्क्यावर सही केली ती तू समोर होतास म्हणून. तू पत्र घेतलंस तेव्हा मनात म्हटलं, याने उशीर केला तर बरं. बुधवारी दादांचा फोन आला तेव्हा..." तू पांघरुणाची कड ओढून घेतलीस. "सुटलो असं वाटलं. आधी ते वाटलं. मग बाकीचं."

मी तुझा हात धरला.

"मालूला वाटतं मी जायला निघालेला मुलगा होतो आणि आपल्यामुळे राहिलो. मला कळतं तिला तसं वाटतं ते. तसंच असू दे. तिला सांगू नकोस."

त्या वेळी मला बोलता आलं असतं. दिगू, पत्र दिलंच नव्हतं. उशीर केला मी. तू मनात म्हणालास तसंच झालं. एवढी तीन वाक्यं. नर्स आली नव्हती, फोन वाजला नव्हता, कोणी दार उघडलं नव्हतं. पूर्ण वेळ होता. मी म्हटलं, "झोप जरा," आणि तू झोपलास. त्यानंतर तू तीन आठवडे होतास. मी अकरा वेळा आलो.

आता तू नाहीस. मेडनहेडच्या त्या घरात वहिनी बसल्या आहेत, आईकडे निघालेल्या नवऱ्याला आपण अडवलं असं धरून. अकरा वर्षं त्यांना ते वाटत आलं आहे, आणि जन्मभर वाटत राहील. तू गेलास तो, आपण आईकडे जायचं टाळलं हे मनात ठेवून. एकमेकांपासून लपवण्यासारखं तुमच्यात काहीच नव्हतं. दोघांचं मिळून एक सत्य होतं आणि त्याचे दोन तुकडे माझ्याकडे होते. दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मी दोघांचंही ऐकलं. बाहेरून हे विश्वासूपणासारखं दिसतं.

म्हणून तुला दिलेला शब्द मी मोडला. काल मेडनहेडला गेलो आणि इथपर्यंत लिहिलेलं सगळं वहिनींना वाचून दाखवलं. तुझ्या खुर्चीवर बसलो नाही, स्वयंपाकघरात बसलो. त्या वाटाणे सोलत होत्या. धक्क्याचं वाचलं तेव्हा त्या थोडं हसल्या. फळीवरचं त्यांचं बोलणं वाचलं तेव्हा म्हणाल्या, "असंच म्हटलं होतं मी. तुम्ही नीट लक्षात ठेवलंय." क्रॉयडनच्या रांगेचं वाचलं तेव्हा त्यांनी पुढची शेंग उचलली. हॉस्पिटलाचं वाचलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

मला वाटलं होतं त्या रडतील, आणि मग त्यांना हलकं वाटेल. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

मग त्या बोलल्या. आवाज चढला नाही.

"हे तुम्हाला मे महिन्यात कळलं?"

"हो."

"तेव्हा हे होते."

"हो."

"तीन आठवडे होते, भावजी. मी रोज त्यांच्या उशाशी बसत होते. रोज वाटायचं, आज माफी मागावी. आणि त्यांना त्रास होईल म्हणून मागत नव्हते." त्यांनी वाटाण्यांची साल बाजूला ठेवली. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

दिगू, मी त्यांच्यासमोर बसलो होतो. हातात कागद होते. त्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि अजून बघत आहेत.